'मे'चा भरवसा



माझ्या घरात उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि कवितेत मराठी. इंग्रजी शिकलो ती वडिलांच्या जुन्या तर्खडकरी पाठमालेतून. बी. ए. झालो, तेव्हापासून खामगावातल्या आमच्या मोहल्ल्यात इंग्रजी पत्र आले की ते माझ्याकडे यायचे.

असेच एकदा जवळच्या खेड्यातले एक शेतकरी काका मदतीच्या अर्जाचे उत्तर घेऊन आले. ''भाऊ, पैसे भेटतीन ना?'' त्यांनी विचारले. मी पत्रावर नजर फिरवली आणि म्हणालो, ''मिळतील, काका.'' त्या भरवशावर त्यांनी बियाण्यासाठी उसने पैसे घेतले. मदत काही आली नाही. पत्र पुन्हा वाचले. त्यात 'विल' नव्हते, 'मे' होते. 'मिळू शकेल' असे लिहिले होते आणि मी ते 'मिळेल' असे वाचले होते. चूक पत्राची नव्हती, माझी होती.

इंग्रजीतली ही सहायक क्रियापदे दिसायला लहान, पण वाक्याचा सारा भार त्यांच्यावर असतो. 'कॅन' घ्या. 'मला पोहता येते' ही शिकलेली विद्या, आणि 'आज ताप नाही, मी पोहू शकतो' ही अंगातली ताकद. मराठीला दोन रचना लागतात, इंग्रजीचे एका 'कॅन'वर भागते. 'मे' तर परवानगीही देतो आणि शक्यताही सांगतो. 'यू मे गो' म्हणजे जायला हरकत नाही. 'इट मे रेन' म्हणजे पाऊस येईल, कदाचित येणारही नाही. 'शुड' म्हणजे करावे, हा सल्ला. 'मस्ट' म्हणजे केलेच पाहिजे. आमच्या वऱ्हाडीत 'करा लागते' म्हटले की त्यातून सुटका नसते, तसेच हे.

नकारात तर फारच जपावे लागते. 'मस्ट नॉट' म्हणजे करूच नये. 'नीड नॉट' म्हणजे नाही केले तरी चालेल. एकात मनाई आहे, दुसऱ्यात मोकळीक. 'यू नीड नॉट कम' याचा अर्थ 'येऊ नका' असा घेऊन घरी बसणारी माणसे मी पाहिली आहेत.

या शब्दांचे मोल किती, ते आपल्या राज्यघटनेत दिसते. मूळ कलम 45 मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाविषयी 'शॅल एन्डेव्हर टु प्रोव्हाइड' असे शब्द होते. म्हणजे शिक्षण देण्यासाठी राज्याने दहा वर्षांत प्रयत्न करायचा. बंधन होते, पण ते प्रयत्नाचे. शिवाय ते मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यासाठी कोर्टात दाद मागता येत नव्हती. 2002 साली 86वी घटनादुरुस्ती झाली आणि मूलभूत हक्कांत कलम 21-क आले. त्यात सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी थेट 'शॅल प्रोव्हाइड' आहे. प्रयत्न गेला, देणे राहिले. ते अमलात आले 1 एप्रिल 2010 रोजी. मधल्या काळात किती पोरे शाळेऐवजी कापूस वेचायला गेली असतील!

त्याच कलमात पुढे एक 'मे'ही आहे. शिक्षण कोणत्या रीतीने द्यायचे, ते राज्य कायद्याने ठरवू शकते. कसे द्यायचे तिथे मुभा, द्यायचे की नाही तिथे मुभा नाही. कायद्याच्या भाषेत 'शॅल' म्हणजे सहसा बंधन आणि 'मे' म्हणजे सहसा मुभा. सहसा म्हणतो, कारण संदर्भ पाहून न्यायालये कधीकधी वेगळा अर्थही लावतात.

श्रोतेहो, त्या काकांची मी माफी मागितली. ते म्हणाले, ''जाऊ द्या, भाऊ. आता नीट वाचत जा.'' तेव्हापासून कुणाचेही पत्र हाती आले की मी आधी त्यातल्या या लहान शब्दावर बोट ठेवतो. समोरचा माणूस रकमेचा आकडा विचारतो. मी मात्र आधी सांगतो, ''हे मिळेल असे लिहिलेले नाही, मिळू शकेल असे लिहिले आहे.'' त्याचा चेहरा उतरतो, पण उसनवारी तरी टळते.