सगळं बरं आहे, हे कोणी कोणाला सांगावं?

माऊली, आज आपण घाटघरला बसलोय. इकडे जीवधन, तिकडे नाणेघाट. आषाढात या कड्यावर पाऊस कोसळतो, तेव्हा एक थेंब पलीकडे कोकणात उतरतो, दुसरा अलीकडे पडून कुकडीला मिळतो. कुकडी घोडेला, घोड भीमेला, आणि हीच भीमा पंढरीला पोचली की आपण तिला चंद्रभागा म्हणतो. नावं बदलली, पाणी बदललं का? अद्वैत म्हणतात ते हेच. जीव, जगत, देव ही नावं तीन, वस्तू एक. ज्ञानोबारायांनी अमृतानुभवात याला चिद्विलास म्हटलं. जग त्या एकाचाच विलास आहे. आणि सगळं त्याचंच असेल, तर जे आहे ते मुळात मंगलच आहे.

इथवर गोड लागतं. आता कडू घोट घ्या.

30 जुलै 2014. डोंगरापलीकडे आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर सकाळी डोंगर उतरला. रोजची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गावच दिसेना. दीडशेच्या वर माणसं मातीखाली गेली. आता पाहा, माळीणचं पाणीही घोडेतून भीमेलाच जातं. ज्या पाण्यात आपण हात जोडून बुडी मारतो, त्याच पाण्यानं तो डोंगर सुटला. मग तिथं उभं राहून कोणी म्हणावं, सगळं बरं आहे?

माझीच चूक सांगतो. एका गावी कीर्तन झाल्यावर एक आजी पाया पडायला आली. तिचा तरणा लेक गेला होता. म्हणाली, "महाराज, समदं बरं चाललंय म्हंता, मग माझ्याच घरी असं का झालं?" मी पटकन बोलून गेलो, "आजी, प्रारब्ध." ती काही बोलली नाही. पदर सावरला आणि निघून गेली. उत्तर शास्त्राला धरून होतं, पण मी ते दिलं होतं तिच्या दुःखापासून सुटायला. तोंडात अद्वैत, आणि वागण्यात चक्क द्वैत!

आपल्याच जुन्नर तालुक्यात आळ्याला रेड्याची समाधी आहे. पैठणला त्या रेड्याच्या मुखातून माऊलींनी वेद वदवले, ही कथा पोरासोरांना पाठ आहे. पण त्याच कथेतलं एक आपण घाईत सोडून देतो. आसूड रेड्याच्या पाठीवर पडला, आणि वळ उठले ज्ञानोबांच्या पाठीवर! माऊलींनी रेड्याला प्रारब्ध सांगितलं नाही. त्याचं दुखणं पाठीवर घेतलं.

आणि हे लेकरू कोणाचं? आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, समाजानं वाळीत टाकलं. त्याच लेकरानं शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी करताना पसायदान मागितलं, ते साऱ्या विश्वासाठी. छळणाऱ्यांचा नाश मागितला नाही, त्यांच्या मनातलं वाकडेपण जावं एवढंच मागितलं. सगळं मंगल आहे, असं म्हणायचा अधिकार असा येतो. आधी पाठीवर वळ, मग ओठावर शब्द.

म्हणून वाचणाऱ्या माऊली, एवढी एकच खूण ध्यानात ठेवा. "सगळं बरं आहे" हे दुसऱ्याच्या दुःखाला द्यायचं उत्तर नाही. ते आपल्या स्वतःच्या दुःखात, एकांतात, विठोबाजवळ म्हणायचं. रडत म्हटलं तरी चालतं. "देवा, मला काही कळत नाही, पण तुझ्याबाहेर कुठं पडायला जागाच नाही." भरवसा तो एवढाच. भरवशानं दुःख टळत नाही, पण दुःखात माणूस एकटा राहत नाही.

आणि दुसऱ्याच्या दारी? तिथं अद्वैत हातांनी बोलावं. माळीणला आठवडाभर अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांसाठी माती उपसली. त्यांतल्या किती जणांनी अमृतानुभव वाचला असेल? पण त्या हातांना दुसरेपण ठाऊक नव्हतं. तुमच्या शेजारी सुतक पडलं, तर भाकरी बांधून न्या, दोन हंडे पाणी भरून द्या, आणि गप बसा.

ती आजी पुन्हा भेटली, तर मी काही सांगणार नाही. तिच्याजवळ बसेन. ती बोलली तर ऐकेन, रडली तर रडेन.

रामकृष्ण हरि!