जिनिंगचा हंगाम आणि बेअरिंगचें आयुष्य



वाशीम जिल्ह्याचा आणि कापसाचा संबंध जुना आहे. कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ सालीं हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानें नियमांखालीं आला आणि देशांतील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचें नांव आजही घेतलें जातें. मूर्तिजापुराहून कारंज्यावरून यवतमाळास जाणारी अरुंद रुळांची आगगाडी मुख्यतः कापसासाठींच घातली गेली. तिचें मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत धांवत होतें. आतां सोयाबीननें कापसाला पुष्कळ मागें सारलें आहे. तरी दसरा-दिवाळी उलटली कीं जिनिंगच्या आवारांत कापसाचे ढीग पडूं लागतात आणि यंत्रांचा खडखडाट रात्रंदिवस ऐकूं येतो. त्या खडखडाटांत एक लहानशी वस्तु कोणाच्या दृष्टीस न पडतां सर्व भार वाहात असते. तिच्याविषयीं आज बोलावयाचें आहे. तिला कारखान्यांत बेअरिंग म्हणतात.

फिरणारा दांडा ज्या आधारावर टेकून फिरतो, तो आधार म्हणजे बेअरिंग. बंडीच्या आंसाला ओंगण घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यांतील तत्त्व शेंकडों वर्षें ठाऊक आहे. परंतु तें ओंगण तेथें नेमकें काय करतें, हें विज्ञानाला फार उशीरा कळलें. इंग्लंडांत १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर नांवाचा एक इंजिनीयर आगगाडीच्या आंसावर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठीं त्यानें वरच्या पितळी आधाराला भोंक पाडलें. पण आंस फिरूं लागतांच तेल आंत जाण्याऐवजीं त्या भोंकांतून वर उसळूं लागलें! त्यानें बूच मारलें, तें उडालें. लांकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. मग त्यानें तेथें दाबमापक बसविला. त्याचा कांटा दर चौरस इंचास दोनशें पौंडांच्याही पुढें गेला. आंसावरील भाराची सरासरी तर शंभर पौंडांच्या आसपासच होती. याचा अर्थ असा कीं, फिरणारा आंस आपल्याबरोबर तेल ओढून नेतो आणि त्या पातळ पदरावर अक्षरशः तरंगतो. धातूचा धातूला स्पर्शच होत नाहीं. १८८६ सालीं ऑस्बर्न रेनॉल्ड्स यानें याचें गणित मांडलें. तो पदर टिकला तर आधार वर्षानुवर्षें झिजत नाहीं. तो फाटला कीं सर्व अनर्थ सुरू होतो.

जुन्या जिनांत पितळेचे किंवा पांढऱ्या मऊ धातूचे आधार असत. आतां बहुतेक ठिकाणीं पोलादी गोळ्यांचीं अथवा रुळांचीं बेअरिंगें आलीं आहेत. यांतील एका सुधारणेची हकीकत वऱ्हाडच्या मनुष्यानें विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें एका कापडाच्या गिरणींत स्वेन विंगक्विस्ट हा इंजिनीयर होता. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी असल्यामुळें पाया हळूहळू खचे, छताखालचे लांब दांडे वांकडे पडत आणि बेअरिंगें वरचेवर निकामी होत. त्यानें १९०७ सालीं गोळ्यांच्या दोन ओळींचें असें बेअरिंग काढलें कीं, दांडा किंचित् तिरका झाला तरी तें आपोआप त्याच्याशीं जुळवून घेतें. आपली काळी जमीन याहून कमी लहरी नाहीं. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत तिला हातभर भेगा पडतात. दिवाळीपूर्वीं दांडा दोरी लावून सरळ केला म्हणून तो चैत्रांत सरळच असेल, असें येथें कोणी समजूं नये. हंगामाच्या मध्यावर एकदां तरी तो पुन्हां तपासावा. हें काम दोन तासांचें आहे. पण तेवढा वेळ कारखाना बंद ठेवणें मालकाच्या जिवावर येतें.

बेअरिंगचें आयुष्य वर्षांनीं मोजीत नाहींत, फेऱ्यांनीं मोजतात. मिनिटास ७२० फेरे घेणारा दांडा रोज सोळा तास, शंभर दिवस चालला, तर त्या एका हंगामांत जवळजवळ सात कोटी फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यास गोळीखालचें पोलाद दबतें आणि सुटतें. हें पोलाद सुमारें एक टक्का कार्बन व दीड टक्का क्रोमियम असलेलें, अत्यंत कठीण असतें. तरी शेवटीं तेंही थकतें, पृष्ठभागाखालीं बारीक चीर पडते आणि एके दिवशीं खपली निघते. भाराचा हिशेब येथें फार कडक आहे. गोळ्यांच्या बेअरिंगवरील भार दुप्पट केला, तर आयुष्य निम्में होत नाहीं, एक अष्टमांश होतें. भार नुसता पावपट वाढला तरी आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतें. पट्टा घसरतो म्हणून तो ताणून बसविणारा मिस्त्री नकळत हाच पावपट भार वाढवीत असतो.

तथापि आपल्याकडील बहुतेक बेअरिंगें म्हातारपणानें मरत नाहींत. त्यांना अकालीं मारलें जातें. दांड्यावर घट्ट बसणारी आंतली कडी असते. ठोकावयाचें झाल्यास ठोका तिच्यावरच पडला पाहिजे. बाहेरच्या कडीवर हातोडा मारला कीं तो धक्का गोळ्यांतून जातो आणि प्रत्येक गोळीखालीं एक खळगा उमटतो. तें बेअरिंग पहिल्या दिवसापासूनच कुरकुरतें. योग्य रीत म्हणजे तेलाच्या भांड्यांत बेअरिंग ८० ते ११० अंशांपर्यंत तापवावें आणि हलकेच सरकवावें. ज्योतीवर धरून तापविणें म्हणजे पोलादाचें पाणी उतरविणें होय. तसेंच यंत्राला वेल्डिंग करतांना विजेची परतीची तार भलत्याच जागीं अडकविली, तर प्रवाह बेअरिंगमधून जातो व गोळ्यांवर बारीक भाजल्याचे व्रण पडतात. मग बाजारांत हुबेहूब वेष्टणांत मिळणारा नकली माल आहेच. चार पैशांच्या बचतीसाठीं तो घेणाऱ्यांची मला कींव येते.

ग्रीसविषयीं तर विलक्षण समजुती आहेत. जास्त घातलें म्हणजे जास्त चांगलें, ही त्यांतील मुख्य. वास्तविक पेटींतील मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मा एवढेंच ग्रीस पुरे. ती ठासून भरली तर ग्रीस घुसळलें जाऊन तापतें, आणि ७० अंशांच्या पुढें दर १५ अंशांस त्याचें आयुष्य निम्म्यानें घटतें. एका जातीच्या ग्रीसांत दुसऱ्या जातीचें मिसळलें तर पुष्कळदां दोन्ही पातळ होऊन गळून जातात. जिनिंगमध्यें याखेरीज कापसाचाच एक उपद्रव आहे. समईंतील वात तेल कसें वर ओढते, हें आपल्या घरांतील मुलीही जाणतात. पेटीच्या फटींत अडकलेला तंतु अगदीं तेंच करतो. ग्रीसमधील तेल शोषून बाहेर काढतो आणि आंत कोरडा साबण तेवढा उरतो. वरून साचलेला कापूस रजईप्रमाणें उष्णताही कोंडून ठेवतो. म्हणून पाळी बदलतांना पेट्या झाडून काढणें हें टापटिपीचें काम नसून रक्षणाचें काम आहे.

जिनाच्या बीटरचा प्रकार आणखी निराळा. त्याचे रूळ मिनिटास शंभरएक फेरे सावकाश घेतात. परंतु बीटर मिनिटास नऊशें ते हजार वेळां पुढें-मागें झुलतो. पूर्ण फेरा होत नसल्यामुळें ग्रीस सर्वत्र पसरत नाहीं आणि झीज एकाच कमानींत होते. तेथें वंगण थोडें, पण वरचेवर द्यावें लागतें. शेजारीं बंद उभ्या असलेल्या जिनाचीही गत अशीच. चालत्या यंत्राच्या थरथरीनें त्याच्या गोळ्या जागच्या जागीं घांसतात आणि न चालतांच खळगे पडतात. आठवड्यांतून एकदां त्याचा दांडा हातानें थोडा फिरवून ठेवावा.

आतां कोणी म्हणेल, एक बेअरिंग गेलें तर नवें आणूं. बेअरिंग अडकलें तरी पट्टा दांड्याला ओढीतच राहातो. धातु लाल होतो आणि भोंवतीं कापूस असतो. कापसाची आग नेहमीं भडकतेच असें नाहीं. ठिणगी रुईबरोबर प्रेसमध्यें गेली तर ती गठाणीच्या पोटांत कित्येक दिवस धुमसत राहाते आणि गोदामांत किंवा मालगाडींत प्रकट होते. आवारांत सरकी उचलणाऱ्या, कापूस वेंचणाऱ्या बाया रोजावर असतात. यंत्र बंद झालें तर त्यांचा रोज जातो. आग लागली तर त्याहून अधिक जाऊं शकतें.

याची सूचना बेअरिंग आधीं देतें. हात ठेवला असतां दोन-चार क्षणांहून अधिक ठेववत नाहीं, इतकी पेटी तापली तर ती साठ अंशांच्या पुढें गेली असें समजावें. जुने मिस्त्री लांकडी काठीचें एक टोंक पेटीवर व दुसरें कानाशीं धरून आवाज ऐकत; आजच्या कंपनमापकानें तेंच काम अधिक लौकर होतें. परंतु उपकरण विकत घेऊन कपाटांत ठेवणाऱ्यापेक्षां रोज काठी लावणारा बरा. प्रत्येक पेटीला क्रमांक देऊन तिची उष्णता एका वहींत लिहीत गेल्यास कालच्यापेक्षां आज किती फरक पडला तें कळतें, आणि खरी खूण त्या फरकांतच असते.

हंगाम संपला, शेवटची गठाण गेली, म्हणजे कारखान्याला कुलूप लागतें. पुढें मृगापासून दमट हवा पेट्यांत शिरते आणि आरशासारख्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके बसतात. कुलूप लावण्यापूर्वीं पट्टे सैल करावे, जुनें ग्रीस काढून नवें भरावें आणि पहारेकऱ्याजवळ एक यादी द्यावी. दर आठवड्यास त्यानें एकेक दांडा हातानें सव्वा फेरा फिरवावा, म्हणजे गोळ्या आधींच्या जागीं उभ्या राहाणार नाहींत, आणि यादीवर खूण करावी.