थव्यातील मासा आणि काचेची भिंत
(माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बरेचजण किनाऱ्यालगतच्या गावांतून आलेले आहात. रापण ओढली जात असताना वाळूवर उभे राहून पाहण्याचा योग आपणांस लहानपणी आलाच असेल. बांगड्यांचा थवा जवळ आला म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग थरथरू लागतो आणि शेकडो मासे एकदम एकाच दिशेला वळतात. जणू त्या साऱ्यांना मिळून एकच शरीर आहे! हे दृश्य ज्याने पाहिले त्याच्या मनात एक समजूत कायमची घर करते. थव्याने राहणारा मासा हा स्वभावाने गरीब, आपल्या जातभाईंशी गुण्यागोविंदाने नांदणारा, अशी ती समजूत होय. खाऱ्या पाण्याचे मत्स्यपात्र घरी वा शाळेत ठेवणारा मनुष्य याच समजुतीने दुकानात जातो व एकाच जातीचे सहा-सात मासे घेऊन येतो. पुढे काही महिन्यांनी त्या पात्रात एकच मासा उरतो.

ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाही. आमच्या भागातील एका शाळेत असे पात्र होते. लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी व उंची प्रत्येकी ४५. म्हणजे सुमारे १८० लिटर पाणी. त्यात हिरवट निळ्या झाकेचे सात क्रोमिस मासे सोडण्यात आले. क्रोमिस हा डॅमसेल कुळातील लहानसा मासा. तो आपल्याकडे लक्षद्वीप व अंदमान येथील प्रवाळभित्तींवर आढळतो. पहिले काही दिवस सातही मासे एकत्र फिरत. मुले मधल्या सुट्टीत पात्रासमोर गर्दी करीत. नंतर एक मासा मेला, मग दुसरा. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. मेलेल्या माशाच्या अंगावर लालसर जखम होती, शेपटीची कड फाटलेली होती. मी रोग असे निदान केले आणि पात्रात ताम्रयुक्त औषध घातले. त्या औषधाने मासा एकही वाचला नाही. पात्रातील शंखात राहणारे खेकडे तेवढे मेले. कवचधारी प्राण्यांना तांबे विषासमान असते हे मला ठाऊक होते, तरीही घाईने मी ते केले.

शाळेचा शिपाई मला त्या दिवशीच म्हणाला होता, ‘‘साहेब, तो मोठा बाकीच्यांना कोपऱ्यात दामटतो.’’ मी त्याचे बोलणे मनावर घेतले नाही. पुढे चवथीची सुट्टी आली. सुट्टीत दिवसातून एकदाच खाद्य पडू लागले आणि शाळा उघडली तेव्हा चारच मासे शिल्लक होते. त्यानंतर आठवीच्या मुलांनी एक वही घातली. कोणता मासा कोठे पोहतो, कोण कोणाचा पाठलाग करतो, खाद्य पडल्यावर प्रथम कोण येतो, एवढेच ते रोज लिहीत. तीन आठवड्यांनी मी ती वही वाचली आणि माझी चूक माझ्यापुढे उभी राहिली. जो मासा एकटा वरच्या कोपऱ्यात, पाणी तापविण्याच्या नळीमागे दडून बसतो असे मुलांनी लिहिले होते, तोच चार-पाच दिवसांनी मेलेला आढळत होता. तो गेला की त्याच्या जागी दुसरा जाई.

आता यामागील कारण पाहू. थवा म्हणजे स्नेहसंमेलन नव्हे. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली असे मांडले की, कळपातील प्रत्येक प्राणी आपला जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याच्या आड जाऊ पाहतो आणि त्यातूनच कळप दाट होतो. क्रोमिस मासे प्रवाळाच्या फांद्यांवर तरंगत पाण्यातील सूक्ष्म जीव टिपतात आणि मोठा मासा आला की सारे फांद्यांत शिरतात. तेथेही त्यांच्यात वरचढपणा असतोच. विणीच्या काळात नर घरट्याची जागा साफ करतो, अंड्यांची राखण करतो आणि जवळ येणाऱ्यावर धावून जातो. पण समुद्रात धावून गेल्याने फारसे बिघडत नाही. हरलेला मासा चार-सहा हात दूर जातो आणि प्रकरण तेथेच मिटते. हार पत्करणे म्हणजे निघून जाणे, हा माशांच्या जगातील कायदाच आहे म्हणा ना. काचेच्या पेटीत हरलेल्याला निघून जाता येत नाही. तो समोरच राहतो. आणि जिंकलेल्याच्या दृष्टीने जो समोर आहे त्याने अद्याप हार मानलेली नाही! म्हणून पाठलाग संपत नाही.

आपल्या परसातील कोंबड्यांची गोष्ट याहून फार निराळी नाही. नॉर्वेचे शेल्डेरप-एबे यांनी १९२२ साली दाखवून दिले की, कोंबड्यांत कोणी कोणाला टोचावयाचे याचा क्रम ठरलेला असतो. माशांविषयी कॉनराड लॉरेन्झ यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी लिहिले आहे की, एकाच जातीचे प्रवाळमासे पात्रात एकत्र ठेवले असता अखेर सर्वांत बलवान तेवढा उरतो. लॉरेन्झ यांचा रोख मुख्यतः आपापली हद्द राखणाऱ्या रंगीत माशांकडे होता. थव्याने राहणाऱ्यांना त्यांनी वेगळे मानले होते. आमच्या शाळेतील पात्राने मला एवढे शिकविले की, पेटी लहान असेल तर थव्यातील मासाही हद्दीचा मालक बनतो.

भूक या भांडणात तेल ओतते. सूक्ष्म जीव टिपणारा मासा समुद्रात दिवसभर थोडे थोडे खात असतो. त्याला सकाळी एकदाच, एकाच कोपऱ्यात चिमूटभर खाद्य दिले तर बलवान मासा तो कोपरा अडवून बसतो. उरलेले उपाशी राहतात, अशक्त होतात आणि अशक्त माशाचा पाठलाग अधिकच होतो. सुट्टीत मासे का मेले याचे उत्तर येथे आहे.

मग रोग नव्हताच काय? होता, पण तो मागाहून आला असावा. युरोनेमा नावाचा एकपेशीय जीव खाऱ्या पाण्यात असतो. त्याच्या अंगावर बारीक केस असतात. तो जिवाणू खाऊन स्वतंत्रपणेही जगतो, त्यामुळे काही आठवडे पात्र माशांविना ठेवले तरी तो नाहीसा होत नाही. क्रोमिस माशांना त्याची बाधा विशेष होते. थकलेल्या, खवले निघालेल्या माशाच्या कातडीत तो शिरतो व मांसापर्यंत पोहोचतो. तेव्हा लाल चट्टा दिसला की नीट पाहावे. पराची कड फाटलेली, एका बाजूचे खवले गेलेले आणि मासा कोपऱ्यात दडलेला असेल तर प्रथम मारामारीचा संशय घ्यावा. दोन-तीन मासे एकाच वेळी धापा टाकू लागले, चट्टे रक्ताळलेले व पसरणारे असतील तर रोग समजावा आणि त्या माशांना वेगळे काढावे. दोन्ही एकत्र असणे हेही नित्याचेच आहे.

उपायांत सर्वांत सोपा उपाय खरेदीच्या वेळचा. लहान पात्रात क्रोमिस एकच ठेवावा, किंवा ठेवूच नये. क्लाउनफिशची जोडी ठेवणे अधिक शहाणपणाचे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची आणि काही डॅमसेल जातींची पैदास बंदिस्त पाण्यात करण्याचे तंत्र बसविले आहे, त्यामुळे समुद्रातून धरलेले मासे घेण्याचे कारण उरत नाही. क्लाउनफिशही जोडीपेक्षा अधिक नकोत. त्यांच्यातही क्रम असतो: सर्वांत मोठी मादी, तिच्याखालचा नर, बाकीचे अपक्व, आणि मादी मेली तर तो नरच मादी बनतो. मुलांना हे सांगून पाहा, वर्ग गप्प बसतो!

मासे आधीच आणलेले असतील तर दिवसातून तीन-चार वेळा थोडे खाद्य पात्राच्या दोन्ही टोकांना द्यावे. लपण्यास जागा कराव्यात. त्यासाठी प्रवाळ मात्र आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असला तरी शिलाप्रवाळ २००१ साली त्याच्या अनुसूचीत आले. ते काढणे, विकणे हा गुन्हा आहे. न रंगविलेली भाजक्या मातीची कुंडी, पीव्हीसी नळीचे तुकडे यांनी काम भागते. मारका मासा ओळखून त्यालाच आठवडाभर दुसऱ्या टाकीत काढावे आणि दरम्यान पात्रातील दगडांची मांडणी बदलावी. तो परत येतो तेव्हा जागा ओळखीची नसते, त्याचा जुना हक्क पुष्कळदा ओसरलेला असतो. आपण सहसा उलट करतो, मार खाणाऱ्याला बाहेर काढतो. मग मारका दुसरे गिऱ्हाईक शोधतो. जखमीला वेगळे ठेवावेच लागले तर टपातील पाण्याचा खारेपणा व उष्णता मूळ पात्राइतकीच असावी आणि हवेचा पंप चालू असावा.

आणखी एक. सकाळी मासे मोजावेत. एखादा कमी असेल तर दगडामागे शोधावा. कुजणाऱ्या माशातून अमोनिया सुटतो आणि लहान पात्रात तो उरलेल्यांनाही मारतो.

त्या शाळेतील मुलांनी मोजण्याचे काम सोडलेले नाही. वहीत आता दररोज ‘एक’ असे लिहिलेले असते. शिपायाला मी पुढच्या भेटीत विचारले, तुमच्या मते आणखी मासे आणावेत काय? तो म्हणाला, ‘‘आणा, पण आधी टाकी मोठी आणा.’’ टाकीच्या खर्चाचा प्रस्ताव शाळेने पाठविला आहे. तोवर तो एकटा मासा पात्राच्या मध्यभागी पोहत असतो आणि खाद्य घेण्यास मुलांच्या बोटापर्यंत येतो.