वाया जाणाऱ्या उष्णतेचे दोहन



इचलकरंजी असो वा तिरुपूर, कापड रंगविणाऱ्या कारखान्यांतून बाहेर पडणारे पाणी पुष्कळदा कढत असते. ते तापविण्यासाठी जाळलेल्या इंधनाचे मोल देशाने मोजलेले असते. उष्णता मात्र नाल्यात जाते. शंभर अंशांखालच्या पाण्यावर टर्बाइन फिरविणे सहसा परवडत नाही.

अशा मंद उष्णतेसाठी 'थर्मोसेल' हा घट आहे. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि फेरिसायनाइड यांच्या द्रावणात दोन विद्युदग्रे असतात. एक तप्त, दुसरे शीत. तप्त अग्रापाशी फेरोसायनाइड इलेक्ट्रॉन सोडते. तो तारेतून शीत अग्राकडे जातो व तेथे फेरिसायनाइड त्याचा स्वीकार करते. द्रावणातील अभिसरणाने घटक पुन्हा परततात. काहीही खर्ची पडत नाही. तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे सुमारे १.४ मिलिव्होल्ट दाब मिळतो.

पूर्वी ही अग्रे महागड्या प्लॅटिनमची असत. २०१० साली अमेरिकेतील डॅलस व ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग येथील संशोधकांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका वापरल्या. अफाट पृष्ठभाग आणि इलेक्ट्रॉनची वेगवान देवघेव यांमुळे कार्यक्षमता पूर्वीच्या तिप्पट झाली. २०१६ साली नलिकांच्या विरळ पापुद्र्यांनी ती कार्नोच्या सैद्धांतिक मर्यादेच्या ३.९५ टक्क्यांवर नेली. ५१ अंशांच्या फरकात चौरस मीटरमागे ६.६ वॅट वीज मिळाली.

येथे जयघोष करण्यापूर्वी हिशेब मांडला पाहिजे. पाणी ८० अंशांचे आणि भोवताल ३० अंशांचा असेल, तर कार्नोची मर्यादाच सुमारे १४ टक्के. तिचे ३.९५ टक्के म्हणजे उष्णतेच्या शंभर भागांतून जेमतेम अर्धा भाग वीज. एका चौरस मीटरवर एखादा लहानसा एलईडी दिवा लागेल, इतकेच. म्हणून कढत पाण्याची उष्णता प्रथम आत येणारे थंड पाणी तापविण्यासाठी वापरणे, हेच आज शहाणपणाचे आहे.

मग या विद्येकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. निसर्गाचे दोहन करावे, शोषण नव्हे, ही आपली धारणा आहे. परंतु दोहनालाही धार काढणाऱ्याचे कसब लागते. दुसऱ्यांनी विद्या परिपक्व करावी आणि आपण यंत्रे विकत घ्यावीत, हा क्रम पुष्कळ चालला. उष्णता आपली, कार्बन आपल्याकडे विपुल, बुद्धीही उणी नाही. उणा आहे तो वीस-वीस वर्षे एका प्रश्नाला चिकटून राहण्याचा धीर. पोकळ अभिमानाने दिवा लागत नाही, साधनेने लागतो. स्वदेशीचा खरा अर्थ तोच आहे.