स्वस्त स्मार्टफोनची पारख



2021 च्या स्वातंत्र्यदिनापासून
सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावी,
अशी ई-पीक पाहणीची तजवीज शासनाने केल्यामुळे,
साकोली-लाखनीच्या धानाच्या बांधावर
स्मार्टफोन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही.

मग स्वस्तातला फोन पारखावा कसा?

दुकानाच्या सावलीत नव्हे, भर उन्हात.
पडदा उन्हात वाचता आला पाहिजे;
कारण पिकाचे छायाचित्र शेतात उभे राहूनच घ्यावे लागते,
आणि फोनला आपले स्थानही तेथेच ओळखावे लागते.

कॅमेऱ्याच्या मोठमोठ्या आकड्यांना, माझ्या मते, भुलू नये.

साठवणुकीची जागा मात्र अवश्य विचारावी.
ती भरली, की फोन रखडतो,
आणि नवे ॲप त्यात मावत नाही.

पुन्हा सांगतो:
आधी पडदा उन्हात पाहावा,
मगच पक्की पावती मागावी.