श्रमगीतांचे जतन
(बदलापूर येथे ग्रंथालय कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



१९३३ साली जॉन लोमॅक्स व त्यांचे चिरंजीव अ‍ॅलन यांनी अमेरिकेतील अंगोला तुरुंगात ध्वनिमुद्रण यंत्र नेले. पुढे १९४७-४८ मध्ये अ‍ॅलन यांनी मिसिसिपीतील पार्चमन कारागृहात कुऱ्हाडीच्या तालावरील गीते टिपली. सर्वांचे घाव एका लयीत पडल्याने दुर्बळ कैदी एकटा मागे पडत नसे. गीत हेच त्याचे संरक्षण होते.

आपल्याकडे तुरुंगवासाला ‘चक्की पिसणे’ हेच नाव पडले. त्याच दगडी जात्यावर घरोघरी ओवी जन्मली. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्रीजीवन’मध्ये संगृहीत केल्या. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी खेडोपाडी १ लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि गाणाऱ्या स्त्रियांची नावेही नोंदविली. हे दुसरे कार्य मला तितकेच मोलाचे वाटते.

पिठाची गिरणी आली, स्त्रीचे कष्ट उणे झाले, हे इष्टच होय. परंतु ओवीला प्रसंग उरला नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांसाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबांतील आजीबाईंना त्या अजून स्मरत असतील. १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेल्या छावणीत सिंधी निर्वासितांनीही आपली गाणी आणली. ग्रंथालयांनी ही गीते भ्रमणध्वनीवर मुद्रित करावीत. सोबत गाणारीचे नाव, गाव आणि काम तिच्या संमतीने लिहावे. नावाविना गीत टिकले, तरी ते गाणारी पुन्हा अनामच राहते.