फुले वाळवावीत, पण नावासह

(भाषणाचा मजकूर)



वहीच्या पानांत फूल दाबून ठेवण्याची हौस शाळकरी मुलांना उपजतच असते. या हौसेला शिस्त लावली की वनस्पतिसंग्रह तयार होतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील १९०६ साली सुरू झालेला ब्लॅटर संग्रह असाच वाळवलेल्या डहाळ्यांचा आहे.

आलापल्लीत या कामाचे मोल अधिक. येथे मराठी, गोंडी, माडिया आणि तेलुगू या भाषा शेजारी नांदतात. मराठीतला पळस तेलुगूत मोदुग होतो, मोह इप्प होतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. तीत केवळ बोलीतले नाव लिहिले, तर पुढच्या पिढीला ती वनस्पती ओळखता येईलच असे नाही. नावाशेजारी वाळलेली डहाळी असली म्हणजे वाद उरत नाही.

कृती सोपी आहे. पान, फूल आणि मिळाल्यास फळ असलेली लहान डहाळी रद्दी वर्तमानपत्रांच्या थरांत पसरावी, वर फळी व दगडांचे वजन ठेवावे. पहिले काही दिवस कागद रोज बदलावेत. हा कंटाळा केला की बुरशी धरलीच! साग तर ऐन पावसाळ्यात फुलतो, तेव्हा दमट हवेत अधिकच दक्षता हवी. त्याचे कोवळे पान चुरगळले तर तांबडा रंग सुटतो. कागदावर डाग दिसला तर घाबरू नये. मोठे पान दुमडावे. मोहाची मांसल फुले चिरून वाळवावीत, अख्खी ठेवल्यास ती कुजतात.

वाळताना पळसाचा केशरी रंग काळवंडतो, म्हणून ताज्या फुलाचा रंग त्याच दिवशी लिहावा. सोबत गाव, तारीख, झाडाची उंची, सर्व भाषांतील नावे आणि उपयोगही. ही माहिती रानात वावरलेल्या वृद्ध स्त्रियांकडे असते, म्हणून मुलांना पुस्तकाआधी त्यांच्याकडे पाठवावे. औषधी उपयोग मात्र त्यांच्या संमतीनेच नोंदवावेत.

आलापल्लीचे 'वनवैभव' २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. तेथील पानही तोडू नये. शाळेचे आवार, शेताचा बांध आणि रस्त्याची कड एवढ्यावरच पहिल्या वर्षाचे काम भागते. कळलावीसारखी विषारी वनस्पती मुलांच्या हाती देऊ नये. तयार डहाळ्या जाड कागदावर दोऱ्याने टाचाव्यात आणि कसर लागू नये म्हणून संग्रह कोरड्या, बंद पेटीत ठेवून पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहावा.